आफ्रिकी साहित्य म्हणायचे कशाला? कंपालातल्या एका वादाची पार्श्वभूमी

आफ्रिकी साहित्याची वैशिष्ट्ये म्हटली की ठरलेली यादी पुढे येते: म्हणींची पेरणी, सांगत-ऐकवत पुढे सरकणारे निवेदन, एका माणसापेक्षा अख्ख्या गावाचा सूर, वसाहतीच्या राजवटीशी झुंज. यादी चुकीची नाही. पण ती बहुतेक इंग्रजी-फ्रेंचमधल्या कादंबऱ्या वाचून तयार झाली आहे. हे असे का झाले, ते कळायला १९६२ सालात जावे लागते.

त्याआधीचा वारसा लहान नव्हता. इथिओपियातले गीझ भाषेतले ग्रंथ, टिंबक्टूची अरबी हस्तलिखिते, अरबी लिपीतली अठराव्या शतकातली स्वाहिली काव्ये, राजांची वंशावळ तोंडपाठ असणारे पश्चिम आफ्रिकेतले ग्रिओ गायक. छापील कादंबरी आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या सेसोथो भाषेत १९०७ मध्ये आणि नायजेरियातल्या योरुबात १९३८ मध्ये आली होती.

जून १९६२ मध्ये कंपालाच्या माकेरेरे विद्यापीठात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. युगांडाच्या स्वातंत्र्याला तेव्हा चारेक महिने उरले होते. परिषदेच्या नावातच ‘इंग्रजीतून लिहिणारे’ अशी अट होती. आफ्रिकी साहित्य म्हणजे आफ्रिकेविषयीचे की आफ्रिकी माणसाने लिहिलेले? तिथल्या गोऱ्या लेखकांचे काय? उत्तरेकडच्या अरबीचे काय? यावर भरपूर खल झाला. मात्र भाषेचे उत्तर निमंत्रण पाठवतानाच देऊन झाले होते. इंग्रजीत दोनच कथा छापून आलेला एक केनियन विद्यार्थी त्या अटीत बसला. स्वाहिलीत गद्य-पद्याची अनेक पुस्तके लिहिलेला टांगानिकाचा (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) थोर कवी बसला नाही, योरुबातला कादंबरीकारही नाही. तो कवी त्याच महिन्यात वारला. परिषदेचे महत्त्व मान्य करूनही ही गोष्ट मनाला लागते.

पुढच्याच वर्षी एका नायजेरियन समीक्षकाने लिहिले की इंग्रजीतून लिहिण्याची ही वाट पुढे बंद आहे. आफ्रिकी भाषांत लिहिल्याशिवाय आफ्रिकी साहित्य वाढणार नाही. त्यावर वादळ उठले. इंग्रजी मिळालीच आहे तर ती वाकवून, नायजेरियातल्या इग्बो भाषेच्या म्हणी तिच्यात मुरवून वापरू, ही दुसरी बाजू होती. तिच्याकडे दाखवायला १९५८ ची, जगभर गाजलेली कादंबरी होती, त्यामुळे ती सहज खोडता येत नाही. १९६७ च्या सुमारास आणखी एक बाब उघड झाली: परिषदेमागच्या सांस्कृतिक संस्थेला अमेरिकी गुप्तहेर खात्याचा पैसा मिळत होता. भाषेची अट त्या पैशामुळे आली असे म्हणता येत नाही, पण संशय उरला.

तो केनियन विद्यार्थी पुढे कादंबरीकार झाला. १९६८ मध्ये नैरोबी विद्यापीठातला इंग्रजी विभाग बंद करा, अशी मागणी करणाऱ्या तिघांत तो होता. १९७७ मध्ये केनियातल्या लिमुरूजवळच्या कामिरिथु गावात त्याचे गिकुयु या तिथल्या भाषेतले नाटक शेतकरी आणि कामगारांनी उभे केले. सरकारने प्रयोग थांबवले आणि वर्षअखेर त्याला खटल्याविना कैदेत टाकले. इतकी वर्षे इंग्रजीत लिहून जे घडले नव्हते, ते गावाच्या भाषेतल्या एका नाटकाने घडवले. कोठडीत टॉयलेट पेपरवर लिहिलेली त्याची गिकुयु कादंबरी १९८० मध्ये आली.

‘मौखिक साहित्य’ या शब्दावरही याच काळात आक्षेप आला. साहित्य म्हणजे लिखित असे गृहीत धरले की मौखिकाला दुय्यम जागा मिळते, म्हणून युगांडातल्या एका भाषातज्ज्ञाने ‘ओरेचर’ (‘ओरल’ आणि ‘लिटरेचर’ मिळून) हा वेगळा शब्द घडवला. तो अभ्यासक्रमांत रुळला.

जानेवारी २००० मध्ये इरिट्रियाची राजधानी अस्मारात लेखकांनी आफ्रिकी भाषांच्या बाजूने जाहीरनामा काढला. २०२१ चे नोबेल झांझिबारमध्ये जन्मलेल्या, घरी स्वाहिली आणि पुस्तकांत इंग्रजी अशा लेखकाला मिळाले. २०१६ मध्ये मूळ गिकुयुतली एक छोटी कथा एकाच वेळी ३० हून अधिक भाषांत प्रसिद्ध झाली, त्यांतल्या बहुतेक आफ्रिकी होत्या. ती माकेरेरेतल्या त्याच विद्यार्थ्याची होती.