पन्हाळा ते पावनखिंड: पळून जायच्या वाटेचा ट्रेक कसा झाला

आषाढ जवळ आला की पन्हाळा-पावनखिंडच्या बॅचची पोस्टर्स फोनवर फिरायला लागतात. दोन दिवस, 50 किलोमीटरच्या आसपास चाल, मुक्काम-जेवण सगळं धरून, सोबत अनुभवी लीडर. ज्यांनी आधी एखादाच सोपा गड केलाय तेही नाव देतात आणि मग मसाई पठारावर पोचेपर्यंत कळतं की हे प्रकरण वेगळं आहे. पण ही वाट मुळात चालायला कशी लागली, कोणी लावली, हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून थोडं मागचं.

मूळ गोष्ट सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे, तरी धागा लागावा म्हणून. नोव्हेंबर 1659 मध्ये प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला आणि त्यानंतर अवघ्या 18 दिवसांत महाराजांनी पन्हाळा घेतला. आदिलशाहीने सिद्दी जौहरला पाठवलं, मार्च 1660 पासून वेढा पडला, आणि पाऊस लागला की वेढा ढिला पडेल ही आशा जौहरने खोटी ठरवली. शिवाय राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले, ज्याची किंमत त्यांनी पुढच्याच वर्षी राजापूर लुटलं गेलं आणि वखारवाले कैदेत पडले तेव्हा मोजली. शेवटी शरण येण्याची बोलणी लावून पहारा सैल पाडला आणि 12 जुलै 1660, आषाढी पौर्णिमेच्या रात्री महाराज विशाळगड गाठायला गडावरून उतरले. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद, नेबापूरचा, तो पकडला गेला आणि मारला गेला. मागे सिद्दी मसूदचे स्वार, पुढे विशाळगडाच्या पायथ्याला सुर्वे-दळवींचे मोर्चे, आणि मधे गजापूरच्या घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे.

आता यात मला जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशी की ही वाट तेव्हाही वाटाड्यांशिवाय निघाली नसती. भर पावसात, रात्री, पालखी खांद्यावर घेऊन, हमरस्ता टाळून जायचं म्हणजे ओढा कुठे उतार देतो आणि कुठे नाही हे माहीत असलेली माणसं लागतात. पौर्णिमा असली म्हणून काय, आषाढात त्या भागात चंद्र दिसतो कुठे! वाट आधी हेरून ठेवलेली होती, असंच सगळीकडे सांगतात, पण त्या हेरांची नावं बाजीप्रभूंसारखी घराघरात पोचली नाहीत.

त्यानंतर मराठेशाही संपली, 1818 नंतर गड ओस पडत गेले, कित्येक ठिकाणी इंग्रजांनी दरवाजे-पायऱ्या उडवून दिल्या. गडावर इतिहासासाठी जायचं हे आपल्याकडे पुन्हा सुरू झालं ते बरंचसं 1890 नंतर. रायगडावरच्या समाधीची दुरवस्था जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजाने 1883 च्या पुस्तकात लिहिली होती, तो विषय पुढे टिळकांनी केसरीतून उचलला, फंड काढला आणि 1896 ला रायगडावर उत्सव झाला. लोकांनी जमून, ठरवून गड चढायचा ही सवय तिथून लागली असं म्हणायला हरकत नाही. मग बाजीप्रभूंवर सावरकरांचा पोवाडा आला, सरकारने त्यावर बंदी घातली, अरविंद घोषांनी इंग्रजीत दीर्घकाव्य लिहिलं, म्हणजे खिंडीपर्यंत पाय पोचायच्या आधी गोष्ट घराघरात पोचली होती. नंतर गोनीदांसारख्या (लेखक गो. नी. दांडेकर) माणसाने गडांवर राहून, फिरून, लिहून दोन-तीन पिढ्यांना डोंगराचं वेड लावलं.

पन्हाळ्याच्या वाटेवर ठरवून माणसं न्यायचं काम मुख्यतः कोल्हापूरकरांचं. हिल रायडर्ससारख्या संस्था वर्षानुवर्षं जुलैत मोहिमा काढतायत, एनसीसीचा शिवाजी ट्रेल ट्रेकही याच भागात होतो आणि त्यात बाहेरच्या राज्यातली पोरं येतात. गडावरच्या बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार, गारद (महाराजांची बिरुदं घोषात म्हणणं), आणि मग खाली उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी असं करत पांढरपाणी. महाराज राजदिंडी नावाच्या छोट्या दरवाजाने उतरले असं मानतात, आणि आजची वाट पावलापावलाला तीच आहे असा दावा कोणी करू नये, साडेतीनशे वर्षांत शेतं झाली, रस्ते झाले. खिंडीची नेमकी जागा कोणती यावरही अभ्यासकांत वाद आहेत. मला त्याने चालण्यात काही कमीपणा वाटत नाही, फक्त लीडरने 'इथेच, या दगडावर' वगैरे ठोकून द्यायचं टाळावं.

गाइड का लागतो ते मसाई पठारावर कळतं. जांभ्याचं सपाट पठार, धुकं उतरलं की पाच फुटांवरचा माणूस दिसत नाही, आणि ढोरवाटा दहा दिशांना फुटलेल्या. दगडावर रंगवलेले बाण असतात पण धुक्यात बाण शोधायलाच माणूस लागतो. खाली वाड्यांवर वेगळीच गंमत, तेव्हा रोप लागणीचे दिवस असतात आणि शहरातली शंभर माणसं एका ओळीत शेतातून निघाली तर काय होत असेल विचार करा. मग इरलं पांघरलेली एखादी मावशी ओरडते, "बांधावरनं चला की रं, तरव्यात कशाला घुसताय!" तरवा म्हणजे भाताची रोपं, आणि बरोबरच आहे तिचं. चिखलात महागड्या शूजचे सोल सुटून हातात येतात आणि पुढे चालणारे वाडीतले मामा साध्या प्लास्टिकच्या बुटांत आरामात. मुक्काम त्यांच्याच घरात किंवा शाळेत, भात-आमटी त्यांचीच, कपडे वाळवायला चूलही त्यांचीच. पोस्टरवर मात्र नाव लीडरचं.

गर्दी वाढली तसे नियमही आले. साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी राज्य सरकारने 2018 ला निर्णय काढला, त्यावर संस्थांनी बरीच नाराजी दाखवली, मग 2021 ला नवीन साहसी पर्यटन धोरण आलं, नोंदणी, प्रथमोपचार, प्रशिक्षित माणसं वगैरे. कागदावर ठीकच आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे, विशाळगड नाही, त्यामुळे या वाटेचं एक टोक जागतिक वारसा आणि दुसरं नाही.

शेवटचा टप्पाही बदललाय. बहुतेक बॅच पावनखिंडीत थांबतात, लोखंडी जिन्याने खाली उतरायचं, कासारीच्या उगमाचं पाणी कमरेला लागतं कधी कधी, घोषणा, फोटो, आणि वर येऊन गाडीत बसायचं. विशाळगडाकडे पुढे डांबरी रस्ताच आहे म्हणून फारसं कोणी चालत नाही. पण बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभूंच्या समाध्या तिथे गडावर आहेत, तेव्हा बुकिंग करताना बॅच खिंडीतच संपणार की गडापर्यंत नेणार एवढं आधी विचारून घ्या.