आरंभिक मनोविकृती आणि तरुणांचा रोजगार

सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याच्या आजाराचा, पहिला झटका आणि त्यानंतरची पहिली काही वर्षे या काळाला आरंभिक मनोविकृती म्हणतात. कोणी बोलत नसताना कानात आवाज येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री वाटणे, बोलण्यातला धागा सुटत जाणे ही तिची ठळक लक्षणे. बहुतेकांना ती विशीच्या आगेमागे गाठते, मुलांना मुलींपेक्षा थोडी लवकर. पन्नाशीत आजारी पडलेल्या माणसाच्या गाठीशी अनुभव असतो, ओळखी असतात, परत जायला जागा असते. एकविसाव्या वर्षी आजारी पडलेल्याचे अजून यातले काहीच जमलेले नसते. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

घसरण निदानाच्या बरीच आधी सुरू होते. झोप उडते, मित्र तुटतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. घरच्यांना हा आळस वाटतो किंवा वयाचा परिणाम. पहिल्या लक्षणापासून उपचारापर्यंत कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ निघून जातो आणि डॉक्टरांची गाठ पडेपर्यंत कॉलेज किंवा नोकरी अनेकदा सुटलेली असते.

औषधांनी आवाज थांबले की ‘आता बरा झाला’ असे सगळ्यांना वाटते. कामाच्या दृष्टीने मात्र खरी कसोटी तेव्हा सुरू होते. स्मरण, एकाग्रता आणि विचारांचा वेग यांवर झालेला परिणाम भास ओसरल्यावरही रेंगाळतो. वरिष्ठांनी उभ्याउभ्या तीन कामे सांगितली, तर जागेवर येईपर्यंत त्यातले एकच लक्षात राहते. पुढाकार घेण्याची उर्मी आटते, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, आणि मुलाखत घेणारा त्याचा अर्थ ‘उमेदवाराला रस नाही’ असा लावतो. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी दहापर्यंत उतरत नसेल, तर सातची पाळी जमणार कशी? काही औषधांनी पायांत अशी चुळबुळ सुरू होते की एका जागी बसवत नाही. अशा वेळी गोळी परस्पर बंद करणे घातक ठरते, कारण आजार उलटतो. मात्रा किंवा वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला हवे आणि डॉक्टरांनीही ‘काम काय करतोस, किती वाजता जातोस’ हे आपणहून विचारायला हवे.

बायोडेटातली मोकळी जागा हा आणखी एक पेच. ‘मधली दीड वर्षे काय केलंत?’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे, तर कलंक आडवा येतो. लपवावे, तर तपासणीसाठी रजा, शांत जागा, लेखी सूचना यांपैकी काहीच मागता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातील 27 वे कलम कामाचा हक्क आणि अशा वाजवी सोयी मान्य करते. यातल्या बऱ्याच सोयींना खर्चही फारसा येत नाही. तरी मागायची तर आधी आजार उघड करावा लागतो. कोणाला, कधी आणि किती सांगायचे, हा निर्णय त्या तरुणाचाच असला पाहिजे.

‘आधी पूर्ण बरा हो, मग नोकरीचे बघू’ हा सल्ला प्रेमापोटीच दिला जातो, पण तो नुकसान करतो. जुन्या पुनर्वसनाची घडणही हीच होती : आधी संरक्षित, म्हणजे फक्त अशा रुग्णांसाठी चालवलेल्या, कार्यशाळेत वर्षानुवर्षे प्रशिक्षण, मग जमल्यास नोकरी. अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या पद्धतीचे संक्षिप्त नाव आयपीएस, म्हणजे ‘इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट’ (प्रत्येकाला त्याच्याजोगी नोकरी आणि आधार). ज्याला काम करावेसे वाटते त्याला लायकीची चाळणी न लावता सामावून घ्यायचे, त्याच्या आवडीची खुल्या बाजारातली नोकरी लगेच शोधू लागायचे आणि नोकरी लागल्यावरही साथ सोडायची नाही. रोजगार सल्लागार उपचार पथकातच बसतो, त्यामुळे गुंगीची तक्रार त्याच आठवड्यात डॉक्टरांपर्यंत पोचते.

सहा युरोपीय शहरांत 312 जणांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने 55 टक्क्यांना काम मिळाले, नेहमीच्या पुनर्वसनाने 28 टक्क्यांना. ते सगळे पहिल्या झटक्याचे रुग्ण नव्हते. खास अशा तरुणांवरचा प्रयोग मेलबर्नमध्ये झाला. पॅट्रिक मॅकगोरी यांच्या पुढाकाराने 1992 मध्ये आरंभिक मनोविकृतीसाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली ती याच शहरात. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत 41 जण होते. आयपीएस मिळालेल्या गटात 13 जणांना काम मिळाले, दुसऱ्या गटात अवघ्या दोघांना. चाचणी लहान होती, पण फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे.

मिळालेली नोकरी टिकवणे त्याहून अवघड. पहिले काम अनेकदा काही महिन्यांतच सुटते, म्हणून स्मरण आणि एकाग्रतेच्या सरावाची जोड दिली जाते. ज्यांचे शिक्षणच अर्धवट राहिले, त्यांच्यासाठी सल्लागार नोकरीआधी कॉलेजशी बोलतो : एका सत्रात विषय कमी घेता येतील का, परीक्षेला जादा वेळ मिळेल का, सुटलेले वर्ष पुन्हा धरता येईल का.