बोटं आखूड म्हणून पियानो नको?

'लांब बोटं असतील तरच पियानोवादक होता येतं' हा मेसेज सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. वाचायला पटतो, कारण पियानोला 88 पट्ट्या असतात.

पण त्या सगळ्या एका हातात मावायच्या नसतात. सलग स्वर वाजवताना अंगठा मधल्या बोटाखालून अलगद पुढे सरकतो आणि हात पुढच्या पट्ट्यांवर जातो. खरा ताण येतो तो सा आणि वरचा सा एकदम दाबताना. पांढरी पट्टी साधारण 23.5 मिलिमीटर रुंद, म्हणजे हे अंतर सुमारे साडेसोळा सेंटिमीटर.

घरीच तपासा. कागदावर एवढ्या अंतरावर दोन खुणा करा आणि वीत पसरा. बहुतेक मोठ्या माणसांची वीत पुरते. मुलांचा हात तर अजून वाढायचा असतो.

मोठ्या हाताचा फायदा होतो, हे खरंच. काही रचनांत सा ते वरचा सा याहूनही रुंद, एकदम दाबायचे स्वरसमूह येतात. तेव्हा लहान हाताचे वादक स्वर भराभर एकामागून एक वाजवतात आणि पेडल दाबून नाद धरून ठेवतात. ऑर्केस्ट्रासोबत वाजवणारेही हेच करतात. त्यांना याशिवाय स्वरलिपी झरझर वाचावी लागते, कंडक्टरकडे, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांनी सगळ्या वादकांना चालवणाऱ्याकडे, लक्ष ठेवावं लागतं. त्यात बोटांच्या लांबीचा काही संबंध नाही.