हाल्यू (कोरियन लाट)

हाल्यू म्हणजे दक्षिण कोरियातल्या सिरियली, गाणी, पिक्चर, खाणंपिणं आणि क्रीम-फेसमास्क यांचं १९९० च्या दशकाच्या शेवटापासून जगभर पसरलेलं वेड. शब्द कोरियन वाटतो पण तो चालता केला चिनी पेपरवाल्यांनी, १९९९ च्या सुमारास. 'हान' म्हणजे कोरिया आणि 'ल्यू' म्हणजे प्रवाह, आणि चिनीत अगदी ह्याच उच्चाराचा दुसरा शब्द थंडीच्या लाटेला आहे, म्हणजे नावातच जरा टोमणा होता की बाहेरून काहीतरी येतंय, जपून राहा. कोरियावाल्यांनी तोच शब्द उचलला आणि स्वतःच्या जाहिरातीवर लावला.

हे सगळं सरकारने ठरवून घडवलं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षांसमोर एक रिपोर्ट ठेवला गेला की 'जुरासिक पार्क' या एका पिक्चरची कमाई म्हणजे ह्युंदाईच्या १५ लाख गाड्या विकल्यासारखं, आणि हा हिशोब तिकडे अजूनही सांगतात. १९९६ ला पिक्चर लागण्याआधीची सेन्सॉरशिप कोर्टाने घटनाबाह्य ठरवली. मग १९९७ चं आर्थिक संकट आलं, आयएमएफकडे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) हात पसरावा लागला, लोकांनी देशाचं कर्ज फेडायला घरातलं सोनं, अंगठ्या सुद्धा काढून दिल्या, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या किम दे-जुंग सरकारने संस्कृतीकडे धंदा म्हणून बघत पैसा ओतला. पण खरी गोची साधी होती, देश पाच कोटींच्या आसपासचा, तेवढ्यावर खर्च निघत नाही, बाहेर विकणं भागच. आणि बाहेर काय चालेल हे सरकारला काय, चॅनलवाल्यांना पण आधी कळलं नाही. १९९७ मध्ये चीनच्या सरकारी टीव्हीवर हिट झाली ती एक जुन्या वळणाचं घर, एक मोकळं घर आणि त्यांची सोयरीक अशी घरगुती सिरियल, जी कोरियात कधीच होऊन गेली होती.

सगळ्यात भारी उदाहरण 'विंटर सोनाटा'चं. २००२ ची, कोरियाच्या केबीएस चॅनलची प्रेमकथा, बर्फ, मफलर, चष्मा आणि भरपूर रडारड. जपानच्या एनएचके चॅनलने २००३ मध्ये लावली आणि तिच्यावर जीव टाकला तो मध्यमवयीन बायकांनी! हिरो बे योंग-जूनला त्या 'योन-सामा' म्हणायला लागल्या, हे 'सामा' आपल्या 'साहेबां'च्याही वरचं. २००४ मध्ये तो जपानला उतरला तर विमानतळावर हजारो बायका. शूटिंग झालेल्या नामी बेटावर, त्या उंच सरळ झाडांच्या रस्त्यावर फोटो काढायला टूर निघाल्या. ज्या जपानने १९१० ते १९४५ कोरियावर राज्य केलं आणि नंतरही नाक मुरडलं तिथल्या गृहिणी पन्नाशीत कोरियन भाषेच्या क्लासला जायला लागल्या, हे कुठल्याच मंत्रालयाच्या प्लॅनमध्ये नव्हतं.

मराठी माणसाला या सिरियलींमध्ये एक गोष्ट इंग्लिश सबटायटलवाल्यांपेक्षा लवकर कळते, ती म्हणजे अहो-जाहो. कोरियनमध्ये वय, मान, नातं बघून क्रियापद बदलतं, दोघं अहो वरून अरे-तुरेवर आले की तोच सगळ्यात महत्त्वाचा सीन असतो आणि खाली सबटायटलमध्ये आपलं तेच 'यू'. अडखळायला होतं ते 'ओप्पा'पाशी. मुलगी मोठ्या भावाला ओप्पा म्हणते आणि बॉयफ्रेंडला पण ओप्पाच म्हणते, आपल्याकडे कोणी नवऱ्याला 'दादा' अशी हाक मारून बघावी!

गाण्यांचं गणित वेगळं. एसएम, वायजी, जेवायपी या कंपन्या १९९० च्या दशकात निघाल्या आणि शाळकरी पोरं निवडून वर्षानुवर्षं गाणं, नाच, परभाषा शिकवून ग्रुप उभे करायची पद्धत बसली. याची दुसरी बाजू वाईट आहे आणि ती झाकली जाते. २००९ मध्ये तोंगबांगशिंगी या ग्रुपच्या तिघांनी १३ वर्षांच्या करारावरून कोर्टात धाव घेतली, त्याच वर्षी सात वर्षांच्या मर्यादेचा नमुना करार आला. २०१२ मध्ये मात्र साय नावाचा अजिबात आयडॉलसारखा (असं घडवलेल्या देखण्या स्टारसारखा) न दिसणारा माणूस घोडा नाच करत आला आणि 'गंगनम स्टाईल' यूट्यूबवर १०० कोटी व्ह्यूज गाठणारा पहिला व्हिडिओ झाला. २०१३ मध्ये छोट्या कंपनीतून निघालेल्या बीटीएस या ग्रुपला २०१८ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड अल्बम यादीत पहिला नंबर मिळाला, त्यात फॅन लोकांनी रात्र रात्र जागून केलेल्या भाषांतरांचा वाटा मोठा. हेच फॅन एकाच अल्बमच्या पाच-पाच कॉप्या घेतात कारण आत कुठल्या मेंबरचं फोटोकार्ड निघेल ते नशीब, घरात सीडी प्लेयर नसला तरी चालतं. धंदा म्हणून हुशारी आहे पण पोरांच्या खिशाचा विचार कोण करणार.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, २०२० मध्ये 'पॅरासाईट' या पिक्चरला चार ऑस्कर, २०२१ मध्ये 'स्क्विड गेम' हा शो, जो दिग्दर्शकाने लिहून ठेवला होता आणि दहाएक वर्षं कोणी घेत नव्हतं.

भारतात लाट आधी आली मणिपूरला. २००० मध्ये तिथे बंडखोर गटांनी हिंदी पिक्चरवर बंदी घातली आणि ती जागा केबलवरच्या कोरियाच्या आरिरांग चॅनलने भरून काढली. बाकीच्यांना, म्हणजे आपल्यालाही, २०२० चा लॉकडाऊन लागावा लागला, त्या वर्षी भारतात के-ड्रामा, म्हणजे कोरियन सिरियली, बघणं आदल्या वर्षापेक्षा ३७० टक्क्यांहून जास्त वाढल्याचं नेटफ्लिक्सने सांगितलं.

विरोधही झाला. अमेरिकेची थाड क्षेपणास्त्र यंत्रणा कोरियात बसणार म्हटल्यावर २०१६ पासून चीनने न सांगता कोरियन शो आणि कलाकारांची वाट अडवली. उत्तर कोरियात पेनड्राईव्हवरून चोरून जाणाऱ्या सिरियलींसाठी २०२० मध्ये कडक कायदा आला, आणि २०२३ च्या भाषेच्या कायद्यात तर रक्ताचं नातं नसलेल्या तरुणाला ओप्पा म्हणायलाच मनाई आहे, तिथे म्हणायचं कॉम्रेड.