क्ल्वाझोने की शाँलव्हे? तबकडीवरची रेघ बघा

पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं वर्ल्ड टाइम ५१३१ हे २००८ साली आलेलं घड्याळ. जगातल्या २४ ठिकाणांची वेळ ते एकदम सांगतं, पण नजर जाते ती मधल्या रंगीत नकाशाकडे आणि खंडांभोवतीच्या सोनेरी रेघांकडे. अशी तबकडी दिसली की ‘मीनाकाम’ म्हणून आपण मोकळे होतो. ते खरंही आहे. पण या मीनाकामाच्या दोन जाती आहेत, क्ल्वाझोने आणि शाँलव्हे. दोन्हींत धातूच्या रेघांमध्ये रंग भरलेला असतो, त्यामुळे हमखास गल्लत होते.

५१३१ची तबकडी क्ल्वाझोनेची. यात केसाइतकी बारीक सोन्याची तार चिमट्याने वाकवून पत्र्यावर चित्राच्या कडा उभ्या करतात. शेतात बांध घालून वाफे पाडावेत तसे कप्पे तयार होतात. काचेची रंगीत पूड पाण्यात कालवून कुंचल्याने त्यांत भरायची आणि साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालायची. पूड वितळली की थर खाली बसतो, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. रंग तारेच्या उंचीला आला की घासून सपाट करायचा. तबकडीच्या पाठीलाही मीना चढवतात. तो कुणाला दिसत नाही, पण गार होताना काच आणि धातू सारखे आकसत नाहीत. पाठ कोरी ठेवली तर तबकडी वाकते, मीना तडकतो.

शाँलव्हेत तार नाही. जाड पत्रा घेऊन कोरणीने खळगे खोदायचे, मधल्या भिंती तशाच राखायच्या. पुढचं भरणं-भाजणं तेच. १२व्या-१३व्या शतकांत फ्रान्समधलं लिमोज तांब्यावरच्या अशा कामासाठी नावाजलेलं होतं. जयपूरची मीनाकारीही याच जातीची. कुंदनचा हार उलटा करून बघा, मागचा लाल-हिरवा मीना सोन्यात कोरलेल्या खळग्यांतच बसलेला असतो.

आता ओळखायचं कसं? तार एकाच जाडीची असते, म्हणून क्ल्वाझोनेची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. शाँलव्हेची रेघ मध्येच रुंदावते, निमुळती होते. कधी अख्खा पक्षी सोन्याचाच ठेवून फक्त भोवतालचं आकाश रंगवलेलं असतं. एवढा रुंद सोन्याचा भाग तारेतून निघणं कठीण.

नाव क्ल्वाझोनेचं जास्त निघतं, पण मला शाँलव्हे अधिक धीट वाटतं. वेडीवाकडी बसलेली तार भाजण्याआधी काढून टाकता येते, जास्तीचं खोदलेलं सोनं परत येत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या ल लॉकल गावातल्या दाँझे काद्राँसारख्या तबकड्यांच्या कारखान्यात दोन्ही प्रकार होतात (२०११ साली तो युलिस नार्डिन या घड्याळ कंपनीने घेतला). एकाच तबकडीवर दोन्ही एकत्रही सापडू शकतात, तेव्हा एकाच कोपऱ्यातली रेघ बघून निकाल देऊ नका.