आवाज थांबला तरी डोकं हलवू नका: थ्रीडी एमआरआयसाठी येणाऱ्यांना माहिती

चिठ्ठीवर ‘सिस’ किंवा ‘फिएस्टा’ (दोन्ही थ्रीडी एमआरआयचीच नावं) लिहिलेलं असलं, की काउंटरवर दोन प्रश्न ठरलेले: इतका वेळ का, आणि जरासं हललं तर परत का करता?

साध्या एमआरआयमध्ये मेंदूच्या चार-पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या घेतात. गाठ, रक्तस्राव पाहायला त्या बहुतेक वेळा पुरतात. पण ऐकण्याची नस आहेच जेमतेम एक मिलिमीटरची. चेहऱ्यात विजेसारखी कळ येते, तेव्हा चेहऱ्याच्या संवेदनेच्या, म्हणजे पाचव्या नसेला रक्तवाहिनी टेकली आहे का, हेही तितक्याच बारीक पाहावं लागतं. म्हणून थ्रीडीत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे ठिपके घेतो. ठिपका तिन्ही बाजूंनी निम्मा केला की सिग्नल आठव्या हिश्श्यावर येतो. तो भरून काढायला वेळच द्यावा लागतो. या एका सिक्वेन्सला, म्हणजे चित्रांच्या एका फेरीला, आम्ही पाच-सहा मिनिटं देतो. तीन मिनिटांतही उरकता येतं, पण चित्र दाणेदार येतं आणि नस असून दिसत नाही.

थ्रीडीत चकत्या सुट्या घेतल्या जात नाहीत, अख्खा ठोकळा एकदम मोजला जातो. चौथ्या मिनिटाला मान हलली, तर त्याची सावली पहिल्यापासून शेवटच्या चित्रापर्यंत पडते. मग पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यात जास्त वेळ मात्र दुसऱ्याच चुकीने जातो. मशीनची खडखड थांबली की पेशंटला वाटतं, झालं. नाक खाजवतात, मान सैल करतात. आम्ही माइकवरून “ठीक आहात ना?” विचारलं, की मान डोलावून ‘हो’ म्हणतात. तोवर आधीच्या चित्रांवर नसेची जागा आखून झालेली असते. ठोकळा असतो तीन-चार सेंटीमीटर जाड. डोकं सरकलं की नस तिरकी जाते किंवा बाहेरच राहते. उत्तर तोंडानेच द्या, तेही शांतता असताना. खोकला येतोय वाटलं तर आम्ही हातात दिलेला फुगा दाबा, आम्ही थांबू. आवंढा मात्र बिनधास्त गिळा, त्याने कानाचं चित्र बिघडत नाही.

आत जाण्याआधी लघवीला जाऊन या. श्रवणयंत्र, पिना, काजळ काढा. दातांना तारा असतील तर नंबर लावतानाच सांगा, चित्र वाकडं येतं. पेसमेकर, मेंदूतली क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असेल तर फोनवरच सांगा.

टेबलावरून उठवण्याआधी आम्ही प्रत्येक सिक्वेन्स तपासतो. पुन्हा करावा लागला तरी वेगळे पैसे घेत नाही. फिल्मवर निवडक चित्रंच मावतात, म्हणून सर्जनकडे जाताना सीडी न्या. तिच्यात सगळ्या पातळ चकत्या असतात. नस ज्या दिशेने जाते, त्या दिशेने त्यांना चित्र फिरवून पाहता येतं.