पगार कोणी दिला, हे कोणाला ठाऊक? युद्धकाळातील फुटीर पोलीस आणि साक्षीचे वजन

ऑगस्ट १९९० मध्ये क्रोएशियातील क्निन शहराभोवतीचे रस्ते स्थानिक सर्बांनी ओंडके टाकून अडवले आणि पुढच्या काही महिन्यांत तेथील पोलीस दलाचा एक भाग झाग्रेबच्या, म्हणजे क्रोएशियाच्या सरकारपासून फुटून निघाला. जानेवारी १९९१ मध्ये ‘क्रायिना’ या फुटीर प्रदेशाने स्वतःचे गृहखाते स्थापन केले, क्निनमधील पोलीस अधिकारी मिलान मार्टिच त्याचा प्रमुख झाला आणि लोक त्या दलाला ‘मार्टिचचे पोलीस’ म्हणू लागले. या दलाने क्रोएट नागरिकांवर केलेले अत्याचार पुढे हेग येथील संयुक्त राष्ट्रांच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणात सिद्ध झाले. त्याहून अवघड प्रश्न असा होता की, या पोलिसांच्या पाठीशी बेलग्रेडचे, म्हणजे सर्बियाचे सरकार होते का, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून ठरवायचे?

साक्षीदार खरे बोलतो आहे की खोटे, याकडे आपले लक्ष आधी जाते. पण त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न म्हणजे, जे तो सांगतो ते त्याला कळले कसे? क्निनजवळच्या गोलुबिच येथे १९९१ च्या वसंत ऋतूत पोलिसांसाठी प्रशिक्षण छावणी सुरू झाली. तेथे शिकलेला एखादा शिपाई कवायत कोणी घेतली, गणवेश कोणता होता, शस्त्रे कोणती मिळाली हे सांगू शकतो. छावणीचा खर्च कोणत्या तिजोरीतून झाला, हे त्याला बहुधा फक्त ऐकून माहीत असते. तो पूर्ण प्रामाणिक असला, तरी पैशांविषयीच्या त्याच्या वाक्याचे वजन कवायतीविषयीच्या वाक्याइतके होत नाही. एकाच माणसाच्या जबानीतली वाक्ये अशी सुटी करून तोलावी लागतात.

यात स्मृतीची एक खोड भर घालते. मानसशास्त्रज्ञ मार्सिया जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे की, माहिती लक्षात राहते, पण ती कोठून मिळाली याची आठवण वेगळी असते आणि पुष्कळदा आधी पुसट होते. पंधरा वर्षांनी साक्ष देणाऱ्याने मधल्या काळात त्याच घटनांवर बातम्या पाहिलेल्या असतात, सोबत्यांशी चर्चा केलेली असते. मग ऐकलेले पाहिल्यासारखे वाटू लागते आणि सांगणारा खोटे बोलत नसतो. म्हणूनच पाच जणांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे पुरावा पाचपट झाला, असे होत नाही. पाचही जणांनी ती एकाच कप्तानाकडून ऐकली असेल, तर साक्षीदार मोजायचा एकच, आणि तोही न्यायालयात न आलेला.

या सगळ्याची कसोटी मिलान बाबिचच्या साक्षीत लागली. बाबिच हा क्रायिनाचा राजकीय नेता, म्हणजे बैठकांना स्वतः हजर असलेला माणूस. आपल्याला बगल देऊन बेलग्रेडच्या गुप्तचर खात्यापासून मार्टिचपर्यंत जाणारी एक समांतर यंत्रणा होती, असे त्याने सांगितले. आतून पाहिलेल्याची ही माहिती मोलाची होती, पण तो स्वतः गुन्हा कबूल करून १३ वर्षांची शिक्षा झालेला आरोपी होता, आणि १९९४ च्या जानेवारीत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत याच मार्टिचने त्याला हरवले होते. आपल्याकडच्या माफीच्या साक्षीदाराला माफी मिळते. बाबिचला ती मिळाली नव्हती, तरी सगळा दोष समांतर यंत्रणेवर ढकलण्यात त्याचा लाभ होताच. मार्टिचच्या खटल्यात त्याची उलटतपासणी अर्धवट असतानाच ५ मार्च २००६ रोजी त्याने कोठडीत आत्महत्या केली.

उलटतपासणी पुरी न झालेली साक्ष काढून टाकावी, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. न्यायाधीशांनी ती ठेवली, पण स्वतंत्र पुराव्याचा आधार असेल तेथेच तिच्यावर विसंबायचे, असे ठरवले. मला हा मार्ग रास्त वाटतो, कारण साक्ष फेकून देणे किंवा डोळे झाकून घेणे, या दोन्हींपेक्षा तो कष्टाचा आहे: प्रत्येक विधानासाठी बाबिचशी संबंध नसलेला दुसरा दुवा शोधावा लागतो. मार्टिचला २००७ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि सर्बियाच्या मदतीची बाबही निकालात नोंदली गेली.

असा दुवा किती जड, हे ठरवण्याची एक सोपी रीत आहे. मदत झाली असती तर ही गोष्ट दिसण्याची शक्यता किती, आणि मदत झालीच नसती तर किती? सर्बियाहून आलेला एखादा स्वयंसेवक दोन्ही परिस्थितींत दिसला असता, त्यामुळे तो फारसे काही सांगत नाही. गुप्तचर खात्याने दिलेल्या भत्त्यांची यादी मात्र मदत नसताना तयार होण्याचे कारणच नाही. सर्बियाच्या गुप्तचर खात्याचा प्रमुख योवित्सा स्टानिशिच आणि त्याचा सहकारी फ्रांको सिमाटोविच यांच्या खटल्यात अशा भत्त्यांच्या नोंदी, बोस्नियातील सर्ब सैन्याचा सेनापती म्लादिच याच्या वह्या आणि १९९७ मधल्या एका समारंभाची चित्रफीत पुढे आली. त्या समारंभात सिमाटोविचने गुप्तचर खात्याच्या आपल्या विशेष पथकाचा इतिहास अभिमानाने सांगितला होता. अशा भाषणात माणूस स्वतःचे कर्तृत्व फुगवतो, हेही वजनात धरावे लागते.

तरीही २०१३ मध्ये दोघे सुटले. पथक उभारण्यात व प्रशिक्षणात त्यांचा हात होता, हे न्यायाधीशांनी बहुमताने मान्य केले. पण मदत मुद्दाम गुन्ह्यांसाठीच होती, किंवा हेतू गुन्हेगारीचा होता, असा एकमेव वाजवी निष्कर्ष निघत नाही, असे म्हटले. २०१५ मध्ये फेरखटल्याचा आदेश झाला. २०२१ मध्ये बोस्नियातील एका शहरातल्या गुन्ह्यांना साहाय्य केल्याबद्दल प्रत्येकी १२ वर्षे सुनावली गेली, तेव्हाही समान हेतू, म्हणजे गुन्हे करणाऱ्यांच्या हेतूत त्या दोघांचाही वाटा होता हे, सिद्ध मानले गेले नाही. मे २०२३ मध्ये अपील न्यायाधीशांनी तो सिद्ध मानला आणि शिक्षा १५ वर्षांची केली.